सुटे पीस

आमच्या ओट्यावरच्या वर्गाला पहिल्या आठवड्यात एकोणीस बायका आल्या आणि तिसऱ्या आठवड्यात सहा उरल्या. ही १९९१ सालची गोष्ट. मी नुकतीच डी.एड. झाले होते आणि नोकरीची वाट पाहत होते. आमचे घर जुन्या नाशकात, चौक मंडईच्या मागच्या एका गल्लीत. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले होते आणि त्याचे वारे आमच्या मोहल्ल्यापर्यंत आले होते. मला पाट्या, प्रवेशिका, हजेरीचे रजिस्टर आणि एक कंदील मिळाला. कंदील शेवटपर्यंत पेटवला नाही. वर्ग दुपारी जोहरच्या नमाजनंतर भरायचा आणि घरात वीज होती.

गळालेल्या बायकांच्या घरी मी एकेक करून गेले. घराघरांत शिलाई मशीन होते आणि शेजारी कापलेल्या परकरांचा ढीग. ठेकेदार माल टाकून जायचा, बायका शिवून द्यायच्या. शेजारच्या खालांनी मशीनचे पायडल न थांबवताच मला सांगितले, "बेटी, तेरा 'मगर-मटका' पढने में तीन परकर जाते मेरे."

मी जरा दुखावलेच. आपल्याकडे तालीमवर भाषण झाले की सुरुवात 'इक्रा'पासून होते, आणि ते भाषण त्या बायकांनी कितीतरी वेळा ऐकले होते. मान डोलावून त्या पुन्हा मशीनवर बसत. त्यांना शिकायचे नाही, असे म्हणणे सोपे होते. पण खाला रोज फजरनंतर कुराणाचा एक पाव पारा पढायच्या. त्यांचे नाझरा लहानपणीच झालेले होते, हरफ ओळखीचे होते, बोट उजवीकडून डावीकडे न अडखळता सरकत होते. जनगणनेच्या व्याख्येत मात्र त्या निरक्षर, कारण समजून वाचता आणि लिहिता आले तरच माणूस साक्षर. व्याख्या चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण पाटी हातात देताना मी त्यांना कोरी समजले, ही चूक माझी होती.

हिशेबाचेही तेच. खालांना टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते. टेपला त्यांनी ठिकठिकाणी रंगीत दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. हिरवी गाठ नेफ्याची, लाल गाठ घेराची. तोंडाने मात्र सवा, डेढ, पौने दो, ढाई सगळे चोख. एक दिवस मी म्हटले, "सवा लिहून दाखवते." आणि पुस्तक उघडले तर त्यात ते नव्हतेच. साक्षरता मिशनने अंकज्ञानाचा मापदंड ठरवून दिला होता. त्यात शंभरपर्यंतचे आकडे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार आणि मेट्रिक मापे होती, पण हे सगळे अपूर्णांक वगळून! ज्या बाईची रोजी पाऊण आणि सव्वामध्ये होती, तिला आम्ही पाऊण आणि सव्वा सोडून सगळे शिकवणार होतो.

दुसऱ्या दिवशी मी प्रवेशिका मिटवली आणि टेप पसरली. इंचाचे आठ सूत, चार सूत म्हणजे अर्धा, दोन सूत म्हणजे पाव. हे त्यांनीच मला शिकवले, मी फक्त ते लिहायचे कसे ते दाखवले. मग ठेकेदाराची चिठ्ठी घेतली. तारीख, डझन, दर, उचल, बाकी या पाच शब्दांवर आमचा सगळा महिना गेला. 'उचल'मधला 'उ' काढता आला त्या दिवशी एका सासूने आपल्या सुनेलाही वर्गात आणून बसवले. बायका चौदा झाल्या.

आता सुट्या पिसांची गोष्ट. दर डझनाला सहा रुपये होता. ठेकेदार पुऱ्या डझनाचेच पैसे द्यायचा. वरचे सुटे पीस माल म्हणून घ्यायचा, पण चिठ्ठीवर लिहायचा नाही. "अगली बार जोड देंगे." खालांनी वहीत चार खेपांचे सुटे पीस मांडले : सात, पाच, नऊ, चार. बेरीज पंचवीस. म्हणजे दोन डझन आणि वर एक, साडेबारा रुपये. मला वाटले, त्या चिडतील. त्या वहीकडे पाहत म्हणाल्या, "जाता है ये तो मालूम था. कित्ता जाता है ये मालूम नै था."

त्यांनी ती वही ठेकेदाराला दाखवली. त्याने हसत साडेबारा रुपये दिले. ईद झाली आणि खालांच्या दारात माल यायचा बंद झाला. मग वर्गातल्या आणखी तिघींचा. गल्लीत दोष मला लागला. अम्मी मला तोंडावर काही बोलली नाही, पण चार महिने खालांच्या घरी सालनचा डबा जात राहिला. वर्ग बंद पडला. अहवालात मी चौदा बायका साक्षर झाल्या असे लिहिले. ते खरेच होते. कोणाची रोजी गेली हे लिहायला त्यात रकाना नव्हता.

त्या चार महिन्यांत मी पुष्कळ विचार केला. मी मोजायला शिकवले होते, पण मोजल्यावर जायचे कुठे, ते शिकवले नव्हते. मुंबईत वरळीला १९६७ साली कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ निघाले, ते शिक्षण आणि कामाचे कसब एकाच ठिकाणी द्यावे या विचारातून. अशा संस्थांचे २००० साली जन शिक्षण संस्थान असे नामकरण झाले आणि २०१८ पासून त्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही अक्षर-अंकज्ञानाच्या शेजारी व्यवसाय कौशल्य लिहिलेले आहे. कागदावर दोघे शेजारी. मी पाहिलेल्या वर्गांत मात्र अक्षरे शिकवणारी बाई मशीनकडे पाहत नाही आणि मशीन शिकवणारी भाव कसा लावायचा ते सांगत नाही. मुलगी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते आणि कोणा ठेकेदाराचाच माल घरी आणते. (रेशन दुकानात मात्र आता सगळ्यांचाच अंगठा लागतो, माझाही. खाला असत्या तर हसल्या असत्या.)

पाचव्या महिन्यात खाला आणि दुसऱ्या दोघींनी भद्रकालीतल्या एका दुकानातून उधारीवर कापड उचलले. परकर शिवून बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी विकायचे ठरले. हिशेब लिहायला त्या माझ्याकडेच आल्या, हे मला अजून नवल वाटते. वहीत कापड, दोरा, नाडी, हातगाडीचे भाडे लिहून झाले.

"आता शिलाई लिहा," मी म्हटले.

"शिलाई तो मैं करती. मेरी मेहनत का क्या लिखना?"

त्यावर आम्ही बराच वेळ भांडलो. दुसऱ्या दोघी कधी त्यांच्या बाजूने, कधी माझ्या. शेवटी खालांनी पेन्सिल घेतली. ठेकेदार परकराला पन्नास पैसे देत होता. त्यांनी आधी शून्य काढले, मग टिंब दिले, ते जरा मोठेच झाले, आणि पुढे लिहिले पंचाहत्तर. पाऊण रुपया. मग वही माझ्यासमोर सरकवून हळूच विचारले,

"जास्ती तो नै हुआ ना, बेटी?"