कौले कोण चाळणार?

गेल्या वर्षी रोश हश्शानाच्या आधी आमच्या आतेभावाचा ठाण्याहून फोन आला. कोकणातल्या आमच्या गावच्या मशिदीत (आमची जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत, आम्हीही तेच म्हणतो) किप्पूरलासुद्धा मिन्यान जमत नाही. गावातल्या शाळेच्या बाईंना मुलांच्या चित्रकलेच्या आणि पेटी-तबल्याच्या वर्गासाठी जागा हवी आहे. विश्वस्त तयार आहेत, पण परदेशातल्या घरांचे मत घ्यायचे ठरले होते.

आम्ही दोघांनी एका सुरात नाही म्हटले. जिथे आपली बारशी, सुंता, लग्ने झाली तिथे तबला? दादा शांतपणे म्हणाला, "तुम्ही तिकडे राहून नाही म्हणा. पण पावसाआधी कौले कोण चाळणार, तेही सांगा."

त्याला उत्तर देता आले नाही. पुढचे काही दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

आम्ही राहतो ते गुंगालिन सगळे नवे आहे. रस्ते नवे, घरे नवी, झाडेसुद्धा आमच्या नातवंडांच्या वयाची. इथे जुनी वास्तू बघायची तर बाहेर पडावे लागते. एके दिवशी ट्रामने डिक्सनला उतरलो आणि तिथून एन्स्लीच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये गेलो. त्या चर्चची गोष्ट ऐकून होतो, आता तिच्यात आमचे काम निघाले.

हे चर्च मुळात चर्च नव्हते, रेल्वेचे स्टेशन होते. सिडनीच्या रुकवुड कब्रस्तानात १८६० च्या दशकात सरकारी वास्तुविशारद जेम्स बार्नेट यांनी ते मध्ययुगीन चर्चच्या धर्तीवर बांधले. टोकदार कमानी आणि दगडात कोरलेले देवदूत असलेल्या त्या इमारतीत सिडनीहून शवपेट्या घेऊन गाडी येत असे. रुकवुडमध्ये आपल्या यहुदी लोकांचाही भाग आहे. मोटारी आल्या, गाडी मागे पडली, १९४८ मध्ये ती कायमची थांबली आणि स्टेशन पडीक झाले. १९५७ मध्ये एन्स्लीच्या मंडळींनी ते १०० पौंडांना विकत घेतले. दगडावर दगड उतरवून ८३ ट्रकखेपांनी ते पावणेतीनशे किलोमीटरवर इथे आणले आणि पुन्हा उभे केले. मनोरा पूर्वी एका बाजूला होता, तो इथे दुसऱ्या बाजूला बांधला. कॅनबेराचे नाव ठेवले गेले १९१३ मध्ये. म्हणजे हे दगड शहरापेक्षा वयाने मोठे.

आत बसलो तेव्हा मनात आले, जिथे शवपेटी उतरवत तिथे आता लग्ने लागतात. यात मेलेल्यांचा अपमान झाला का? आम्हाला तसे वाटले नाही. पण दाराशी स्टेशनची गोष्ट सांगणारे कोणी नसते, तर मात्र वाटले असते.

खऱ्या मध्ययुगातल्या चर्चचेही असे झाले आहे. इंग्लंडमधील नॉरिच शहरात सेंट स्विदिन नावाचे जुने चर्च आहे. आज तेच नॉरिच आर्ट्स सेंटर आहे, तिथे गाण्याचे जलसे होतात. त्याच शहरात मध्ययुगात यहुदीही राहत होते. त्यांच्यावर खोटे आरोप झाले, कत्तल झाली आणि १२९० मध्ये राजाने इंग्लंडमधल्या सगळ्या यहुद्यांना देशाबाहेर घालवले. त्यांचे सिनेगॉग आज उभे नाही. राहिल्या त्या नॉरिचच्या मेइर बेन एलियाहू यांच्या हिब्रू कविता, कारण त्या कोणीतरी उतरवून ठेवल्या होत्या. चर्च राहिले कारण शेजाऱ्यांना त्याचा उपयोग होता. सिनेगॉग गेले तरी कवी राहिला, कारण लिहिलेले होते.

मग आम्ही मिश्नाकडे वळलो. मगिल्ला या भागाच्या तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न आहे. गावकरी सिनेगॉग विकू शकतात, पण आलेल्या पैशांतून त्याहून पवित्र वस्तूच घ्यायची, कमी पवित्र नाही. हमामखाना, चामडे कमावण्याची जागा, बुडी घेण्याचे कुंड आणि धुण्याची जागा यांसाठी ते विकू नये, असे हाखामांचे मत आहे. या यादीत मुलांचा वर्ग नाही. पुढे तर कोकणच समोर उभे राहते: सिनेगॉग ओसाड पडले तरी त्यात दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळे वाळत घालू नयेत, जवळची वाट म्हणून त्यातून जाऊ नये. आत गवत उगवले तर ते उपटूही नये. बघणाऱ्याच्या काळजाला लागावे म्हणून.

गवत कसे दिसते ते आम्ही बघितले आहे. रेवदंड्याला आपले बेथ-एल सिनेगॉग आहे आणि जवळच पोर्तुगीजांचा कोट. त्या कोटात त्यांच्या चर्चचे अवशेष नारळीच्या वाड्यांतून उभे आहेत. फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा गावकरी सातखणी म्हणून ओळखतात. १७४० मध्ये कोट मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, आणि नव्या लोकांना त्या चर्चचे काही काम नव्हते. त्या भिंतींत कोणाची लग्ने लागली, कोण पुरले गेले, हे आज विचारावे तरी कोणाला?

आम्ही दादाला फोन लावला आणि हो म्हटले. मात्र एक अट घातली: आधी यादी. वॉर्डात पेशंटला ऑपरेशनला नेण्याआधी आम्ही नर्सा त्याच्या अंगावरचे दागिने उतरवून वहीत लिहीत असू, दोघींच्या सह्यांनी. माणूस बेशुद्ध असताना त्याच्या वस्तूंना साक्षीदार हवा. मशिदीचेही तेच.

दादाची मुलगी फोन धरून आत फिरली, आम्ही इथे वही घेऊन बसलो. सेफेर तोरा जिथे मिन्यान जमते तिथे द्यायचे ठरले. एलियाहू हन्नाबीची खुर्ची जागेवरच राहील. बाके किती, पाट्या किती, कोणावर हिब्रू, कोणावर मराठी, सगळे उतरवले. मग ती हेखालसमोरच्या काचेच्या हंडीशी थांबली. खालच्या पाटीवर आमच्या आजोबांचे नाव आहे. पण हंडीचे पैसे आजीच्या पाटल्या मोडून आले होते, हे आईने आम्हाला सांगितले होते. आजीचे नाव त्या इमारतीत कुठेच नाही. आम्ही ते वहीत लिहिले. मुलगी म्हणाली, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आत्या." आम्ही तरी तिला कधी सांगितले होते?

म्हणून ही विनंती. तुमच्या गावच्या मशिदीबद्दल तुमच्या घरात जे बोलले जाते आणि कुठल्याही पाटीवर नाही, ते या महिन्यात लिहून काढा. कोणी तुळई दिली, कोणी तेल घातले, कोण बायकांच्या बाजूला कुठे बसे. इमारतीचे पुढे काय करायचे ते आपण नंतर एकमेकांशी भांडून ठरवू. यादी मात्र भांडणाआधी व्हायला हवी.

पाऊस संपल्यावर वर्ग सुरू झाले. कौले त्याआधीच चाळून झाली होती, मुलांच्या पालकांनी चाळली. सणाला आणि आपल्या घरातले कोणी गावी आले की दिवाणखाना आपला, असे कागदावर आहे. आणि शनिवारी वर्ग नाही. गाव आपल्याला शनिवार तेली म्हणत असे. ते शनिवारचे कुलूप बघून एखादे मूल बाईंना कारण विचारील, आणि बाईंना ते सांगता यावे म्हणून यादीची एक प्रत त्यांच्याकडेही दिली आहे.