सात नंबरचे बूट

एन. सी. सी.च्या पहिल्या परेडला सुभेदारसाहेबांनी विचारले, "नंबर किती?" मी छाती काढून सांगितले, "एकशे बेचाळीस!" रांगेतली पोरे फिस्सकन हसली. साहेबांना माझा रोल नंबर नको होता, पायाचा हवा होता.

पायालाही नंबर असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते, हे लिहायला आता लाज वाटत नाही. आमच्या घरी चपला आणायची पद्धत निराळी. आबा माझे पाऊल जमिनीवर टेकवून खराट्याची काडी त्या मापाची मोडत, ती टोपीत खोचून तालुक्याच्या बाजाराला जात आणि काडीपेक्षा बोटभर मोठी चप्पल घेऊन येत. वाढते अंग आहे, दोन वर्षे पुरावी, एवढाच हिशेब. चपलेला लांबी असली की भागते. करंगळी बाहेर डोकावली तरी ती कोणाला दिसत नाही आणि दुखतही नाही.

कॉलेजच्या कोठीत बूट पोत्यात भरलेले होते. बरेचसे डी. एम. एस., म्हणजे ज्यांचा रबरी तळ वरच्या कातड्याला साच्यातच थेट बसवलेला असतो. थोडे जुन्या पद्धतीचे होते : चामड्याचा तळ, त्याला खिळे आणि टाचेला नाल. त्या ढिगात एका जोडाच्या टोकाला पॉलिश करकरून आधीच्या कुणा छात्राने आरसा केला होता. आत शाईने लिहिलेली त्याची आद्याक्षरे अर्धवट पुसली होती. मी पाय घातला. सकाळची वेळ, पायात मोजाही नव्हता. टाच बसली, बोटे जरा दाटली. वर सात आकडा होता. मी सही करून टाकली. पुढे कळले की एका नंबरात आणि त्याच्या पुढच्या नंबरात जेमतेम साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते. गव्हाच्या दाण्याहून थोडे जास्त! त्या दाण्याने मला दहा आठवडे छळले.

नवे चामडे सुरुवातीला चावतेच, अशी घरात सर्वांची समजूत. आज्जीने कोल्हापुरी चपलेला देतात तसे एरंडेल चोळले. कातडे मऊ झाले, पण तेल प्यालेल्या कातड्यावर पॉलिश चढेना आणि माझा आरसा गेला. मग कोणीतरी सांगितले, बूट भिजवून पायात घाल आणि वाळेपर्यंत चाल. मी विहिरीपर्यंत सात फेऱ्या मारल्या. जरा सैल झाल्यासारखे वाटले. रात्री आईने मायेने ते चुलीपाशी ठेवले आणि सकाळी दोन्ही बूट पापडासारखे कडक! शेवटी स्टँडजवळच्या चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी दोन रात्री बूट कलबुतावर चढवून ठेवले आणि देताना म्हणाले, "बाळ, कातडं रुंदीला थोडं देतंय, लांबीला देत न्हाय. बदलून घे."

मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. बदलायचे म्हणजे पुन्हा त्या कोठीसमोर उभे राहून सांगायचे की मला माझा नंबर कळला नाही. त्यात दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात शेवटच्या दिवशीच्या मानवंदनेसाठी माझे नाव पुढच्या रांगेत लागले होते. ती बातमी आबांनी पारावर, गिरणीत आणि एस. टी.च्या कंडक्टरलासुद्धा सांगितली होती.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. मी ते ब्लेडने फोडले आणि रुमालाची पट्टी बांधली. हा दुसरा गाढवपणा. फोडाचे वरचे कातडे म्हणजे देवाने दिलेली पट्टीच, ती काढायची नसते. चौथ्या दिवशी 'कदमताल' सुरू असताना नालांचा आवाज माझ्याच कानाला चुकीचा लागू लागला. डावा पाय उशिरा पडत होता. साहेबांनी 'थम' दिला, मला बाहेर काढून लिंबाखाली बसवले आणि बूट काढायला सांगितले. मोजा निघेना. रक्ताने चिकटला होता.

मला वाटले, आता शिव्या बसणार. त्यांनी माझे पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेतले आणि पाणी ओतत मोजा सोडवला. मराठा रेजिमेंटमधला माणूस, बोलणे मोजके. "पंजा बघ तुझा. अनवाणी चालून पसरलाय. बोटांना जागा पाहिजे. सांगितलं का नाहीस?"

मी गप्प.

"बर्फात असता आणि असा घट्ट बूट घालून गप्प बसला असता, तर बोटं गेली असती. रक्तच पोचत नाही."

नंतर वाचनालयात वाचताना त्या बोलण्याचे वजन कळले. 1962 साली आपले कितीतरी जवान हिमालयात सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून लढले. त्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजात एन. सी. सी. सक्तीची झाली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक. त्यांच्या पायात काय घालायचे ते ठरवणे त्यांच्या हातात नव्हते. माझ्या हातात होते, आणि मी आरसा बघून ठरवले.

मानवंदनेतून माझे नाव निघाले. उरलेले दिवस लंगरमध्ये बटाटे सोलले. शेवटच्या दिवशी बँड वाजला तेव्हा मी परात घासत होतो आणि त्या तालावर घासत होतो, हे लक्षात आल्यावर थांबलो. आबांना काय सांगायचे, हाच प्रश्न डोक्यात होता.

परतल्यावर साहेबांनी मला संध्याकाळी कोठीत बोलावले. दिवसभराच्या चालण्याने पाय फुगतो, म्हणून माप तेव्हाच घ्यायचे. खाली पातळ सुती मोजा, वर लोकरीचा. दोन्ही पायांवर उभे राहायचे आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. आठ नंबरचे डी. एम. एस. निघाले, बिनचमकीचे. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग कॉलेजची वाट. टाच घासते तिथे मोज्यावर कोरडा साबण चोळायचा. पंधरा दिवसांत बूट आपोआप पावलाच्या जागी दुमडायला लागला. आरसाही आला, पण महिनाभर कापूस, पाणी आणि पॉलिश घेऊन बसल्यावर.

यंदा कोठीत नव्या मुलांना बूट देताना मी त्यांना नंबर विचारत नाही. वर्तमानपत्रावर उभे करतो आणि पेन्सिल फिरवतो.

आबांना मी सगळे खरे सांगितले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी बूट उंबऱ्याशी काढून ठेवले होते, तर बाहेर त्यांची चाहूल. पाहतो तर ते माझे बूट पायात घालून, नाड्या न बांधता, गोठ्यापर्यंत जाऊन परत येत होते. मला पाहून ओशाळले.

"बरा बसतोय की रं," ते म्हणाले. "काय नंबर म्हणायचा ह्याचा?"

"आठ."

"आठ," ते स्वतःशीच म्हणाले.

पुढच्या बाजाराला जाताना त्यांना स्वतःसाठी चप्पल घ्यायची होती. टोपीत काडी नव्हती.