रेडिएटरचं झाकण

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं कायम असे. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकू लागला, की बाबा गाडी कडेला घेत, बॉनेट उघडत आणि काहीच करत नसत. आम्ही मुलं उतावीळ. पाणी आहे, मग ओता की! पण वरचा होज पाइप हाताला सोसवेपर्यंत ते झाकणाला शिवत नसत. मग ओलं फडकं टाकून झाकण फक्त पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा आणि मगच ते काढायचं.

त्या थांबण्यामागचं कारण मला कॉलेजात उमगलं. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असला, की पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडलं की दाब सुटतो, काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते.

पुढे माझी मारुती 800 आली. तिचं कूलंट मी घरीच बदलत असे, अर्थात गाडी रात्रभर निवल्यावर. एका रविवारी तापून तापून ठिसूळ झालेला प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग हलकेच फिरवताना मोडला. हिरवं कूलंट घमेल्याबाहेर उडून पार्किंगच्या फरशीवर पसरलं. कोपऱ्यात कुत्री पिल्लं घेऊन निजली होती. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडं चाटलं तरी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी करतं. गाडी तशीच सोडून आधी रेती टाकली, ती भरून उचलली, फरशी पुन्हा पुन्हा पुसली. घरी हे काम करणाऱ्याने पान्यांच्या आधी रेतीची बादली जवळ ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

नवा प्लग बसवून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. तरी काटा चढत होता आणि हीटरमधून मात्र गार वारा. आत हवा अडकली होती. इंजिन बंद करून निवू दिलं. पुढची चाकं चढावर घेतली, झाकण काढलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग थर्मोस्टॅट उघडला; पातळी एकदम खाली गेली, वरचा होज तापला, हीटरचा वारा ऊन झाला. तो क्षण मला अजूनही फार आवडतो.

आता मुलीच्या गाडीत रेडिएटरवर झाकणच नाही. दाबाचं झाकण कूलंटच्या टाकीवर असतं. परवा कशेडी घाटाच्या अलीकडून तिचा फोन आला. "बाबा, काटा वर गेलाय, टाकी रिकामी दिसतेय. बाटलीतलं पाणी टाकू?"

"टाक, पण आत्ता नको. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला तडा जाईल. आधी चहा घे. टाकी गार लागली की फडकं धरून झाकण हळू फिरव. भरल्यावर खाली ठिबकतंय का बघ. ठिबकत असेल तर गाडी हलवू नकोस, मी टो करायला सांगतो."


तिने चहा घेतला, पाणी भरलं, वाकून पाहिलं. होजची क्लिप सैल झाली होती. टपरीवाल्याकडून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिने ती आवळली.