सात वारांचं गाणं

२०२३ सालच्या पावसाळ्यात आमच्या बंगळुरूच्या घरात बोलणंच खुंटलं होतं.

मे महिन्यात मिरजेला माझे सासरे गेले. दिवसकार्य उरकल्यावर सासूबाईंना आम्ही जयनगरला आमच्याकडे घेऊन आलो. सगळा संसार एका ट्रंकेत आणि दोन पिशव्यांत भरून त्या आल्या आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या, त्या बसल्याच. विचारलं तर उत्तर द्यायच्या. आपणहून चकार शब्द नाही.

दुसरीकडे आमची लेक. वय वर्षं चौदा. जन्म इथलाच. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्याशी फर्डं कानडी. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीत. "मराठीत बोल गं!" हे मी दिवसातून दहादा म्हणायची. बाराखडीची पुस्तकं आणून झाली, सुट्टीत शुद्धलेखन घालून झालं. फळ शून्य. त्यामुळे आजी आणि नात एका खोलीत राहत होत्या खऱ्या, पण त्यांचं संभाषण "जेवलीस का?" "हो" इथे सुरू होऊन तिथेच संपायचं.

अशात ते गाणं आलं.

तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. १४ जुलै, शुक्रवार. बीटीएस हा कोरियाचा सात मुलांचा गट. त्यातला सगळ्यात धाकटा जंगकुक. जन्म १९९७चा, बुसान या बंदराच्या शहरातला. जेमतेम पंधरा वर्षांचा असताना, २०१३मध्ये तो या गटातून लोकांपुढे आला. त्या शुक्रवारी त्याचं एकट्याचं पहिलं अधिकृत गाणं निघालं, 'सेव्हन'. सोबत लॅटो ही अमेरिकन रॅप गायिका. आणि गाणं अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत!

आमच्या घरात ते सकाळ-दुपार-संध्याकाळ वाजू लागलं. नुसतं आमच्याच घरात नव्हे म्हणा. २९ जुलैच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत ते थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं आणि स्पॉटिफायवर १०८ दिवसांत शंभर कोटी वेळा ऐकलं गेलं. त्या वेळचा तो विक्रम होता. मी पोळ्या लाटताना कान देऊन ऐकलं. सोमवार, मंगळवार, बुधवार... आठवड्याचे सातही वार ओळीनं येतात. प्रियकर म्हणतो, सातही दिवस तुझ्यावर प्रेम करीन. चाल छान होती, माझंही लाटणं तालात पडू लागलं. आणि एकदम एक शब्द असा कानावर आला की लाटणं हातातच राहिलं!

मी तरातरा गेले आणि फोन काढून घेतला. "हे असलं ऐकतेस? घरात आजी आहे!"

तिचं म्हणणं असं की गाण्याच्या दोन आवृत्त्या एकाच दिवशी निघाल्या आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर एक सोवळ्यातली आणि एक ओवळ्यातली. ती ऐकत होती सोवळ्यातलीच, त्या दिवशी चुकून दुसरी लागली. मी कसली ऐकून घेतेय! रागाच्या भरात मूळ मुद्दा सोडून मी भलतीकडेच वळले. "आणि हा मुलगा तरी कसा! स्वतःची भाषा सोडून इंग्रजीत गातो. तूही तशीच!"

त्यावर ती थंडपणे म्हणाली, अर्थात इंग्रजीत, "रजनीकांतसुद्धा घरी मराठीच बोलत मोठा झाला ना? तो तमिळमध्ये गेला, तेव्हा तू म्हणालीस का काही?"

मी निरुत्तर. १९५० साली याच बंगळुरूत मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड, इथेच बसमध्ये कंडक्टर होता, आणि तमिळ चित्रपटांनी त्याला रजनीकांत केलं. आम्ही बंगळुरूची मराठी मंडळी हे पाहुण्यांना कौतुकानं सांगतो! पण निरुत्तर झालेली आई जास्तच चिडते. फोन कपाटात गेला. लेकीनं अबोला धरला. आता घरात गप्प बसणाऱ्या दोघी झाल्या.

अधिक महिना संपून निज श्रावण लागला. एरवी सासूबाईंच्या अंगात या दिवसांत दहा हत्तींचं बळ यायचं. जिवतीचा कागद, सोमवारचा उपास, वारावारांच्या कहाण्या. पण वर्ष झालं नव्हतं, म्हणून त्या वर्षी सणवार नव्हते. भिंत कोरीच होती.

एका दुपारी मी बँकेतून लवकर परतले. दारातूनच ते गाणं ऐकू आलं. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर 'सेव्हन'चा व्हिडिओ लावलेला, आणि समोर आजी आणि नात शेजारी शेजारी! नंतर कळलं की सासूबाईंनीच तिला विचारलं होतं, "आईनं ज्याच्यावरून एवढा दंगा केला, ते गाणं दाखव तरी."

मी दाराआडच थांबले. कारण माझी लेक मराठी बोलत होती. मोडकं, अडखळत, मध्ये इंग्रजी शब्दांची ठिगळं लावून, पण मराठी!

"आजी, ती मुलगी राग आली आहे."

"रागावली आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हां, रागावली आहे. ते दोघं हॉटेलात भांडतात. वरून सगळं पडतं, तरी भांडतात."

हान सो-ही ही तिकडची नामवंत अभिनेत्री त्या व्हिडिओत नायिका आहे. छत कोसळतंय, कपडे धुण्याच्या दुकानात पाणी भरतंय, वादळ सुटलंय, आणि हा बाबा आपला तिची मनधरणी करत मागे मागे. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आणि पुढचं मला आठवलं. पुढे त्या नायकाची अंत्ययात्रा आहे! माझ्या पोटात गोळा आला. मी रिमोट घ्यायला धावले, पण उशीर झाला होता. पडद्यावर शवपेटी आली, काळ्या कपड्यातली माणसं आली, आणि तो पेटीतून उठून पुन्हा गाऊ लागला.

खोलीत शांतता पसरली. लेकीच्याही लक्षात आलं. ती घाबरून आजीकडे पाहू लागली.

सासूबाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "असं उठून बसता आलं असतं, तर तुझे आजोबा पहिल्यांदा चहाच मागते." मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुढचं सांग. राग गेला का तिचा?"

"गेला," लेक म्हणाली आणि आजीला बिलगली. आजोबांचं नाव घरात उघडपणे निघालं ते त्या दिवशी.

चहा होईपर्यंत त्यांच्या गप्पा गाण्यातल्या सात वारांवर आल्या. माझी लेक फोनवरून कोरियन शिकतेय हे मला ठाऊकच नव्हतं! तिनं आजीला कोरियन वार म्हणून दाखवले. सोमवारला म्हणतात वॉरयोइल, म्हणजे चंद्राचा दिवस. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, सोम म्हणजे चंद्रच की!" मंगळवार ह्वायोइल, अग्नीचा. मंगळाला कोरियनमध्ये अग्नितारा म्हणतात. बुधवार पाण्याचा, गुरुवार लाकडाचा, शुक्रवार सोन्याचा किंवा धातूचा, शनिवार मातीचा, आणि ती नावं बुध, गुरू, शुक्र, शनी याच ग्रहांची. रविवार सूर्याचा. क्रम हुबेहूब आपला! ग्रहांच्या नावांची ही माळ पश्चिमेकडून आपल्याकडे आली आणि आठव्या शतकात बौद्ध भिक्षूंच्या ज्योतिषग्रंथांबरोबर चीनपर्यंतही पोचली. बुसानच्या मुलाचा सोमवार आणि मिरजेच्या आजीचा सोमवार एकाच चंद्राचा निघाला.

"मग ही सात वारांची कहाणीच झाली म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे तर प्रत्येक वाराची वेगळी कहाणी असते." आणि त्यांनी तिथेच सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सुरू केली. लेक मांडी घालून ऐकत होती. मी कपाटातून फोन काढला आणि मुकाट्यानं तिच्यापुढे ठेवला.

त्या रात्री मी तिला विचारलं, "कोरियन कशाला शिकतेस गं? तो तर इंग्रजीत गातो."

"तो मला कळावं म्हणून इंग्रजीत गातो. मला तो कळावा म्हणून मी कोरियन शिकते."

मी उजाडेपर्यंत त्या वाक्याचा विचार करत होते. इतकी वर्षं मी तिला मराठी 'यायला हवं' म्हणून शिकवत होते. मराठीत कुणाशी तरी बोलावंसं वाटायला हवं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आजीचा हात धरून भाषा घरात आली, शुद्धलेखनाच्या वहीतून नाही. असल्या गाण्यांतलं काय ऐकावं, काय नाही, यावर आमचे वाद आजही होतात. व्हायलाच हवेत. फक्त आता ते मराठीत होतात!

२०२४च्या श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागला. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून शुक्रवारची कहाणी नातीनं वाचली. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरओळख होतीच. जिथं अडली, तिथं आजीनं पुढचं पाठ म्हणून सांगितलं.

जंगकुक डिसेंबर २०२३मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत गेला होता. ११ जून २०२५ला तो परत आला. त्या सकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, तुझा तो मुलगा येणार होता ना आज? वार कुठला?"

"बुधवार, आजी," आतून उत्तर आलं. "पाण्याचा!"