खंडेनवमीच्या पाटावरील सुरी

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. ती आजवर कधी चुकलेली नाही. शस्त्र म्हणावे असे त्या पाटावर आता काही उरलेले नाही, हे खरे. आजोबांची बारा बोअरची बंदूक केव्हाच सरकारजमा झाली. राहिली आहेत ती घरची हत्यारे : कोयता, विळी, कुऱ्हाड, पहार, चिरंजीवांचा पान्हा आणि पेचकस. या सर्वांच्या मध्ये एक लहानशी सुरी असे. पाते चार इंचांचे, मूठ शिसवीची, मुठीवर सुतळी गुंडाळलेली. गेल्या वर्षी झेंडूची फुले वाहता वाहता आमच्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, ही सुरी कशाची?" आम्ही म्हणालो, "खोबरं काढायची."

देवापुढे बसून, हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन आम्ही खोटे बोललो. ते एवढ्यावर संपणारे खोटे असते तर हे चार शब्द लिहिण्याचे कारण पडले नसते. त्या सुरीविषयी आम्ही पूर्वीही एकदा खोटे वागलो होतो, आणि हे दुसरे खोटे त्या पहिल्याचेच लेकरू होते.

ती सुरी सांबराचे कातडे उतरविण्याची होती.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. भाताची खाचरे संपली की रान लागे. दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली झाले. तथापि अभयारण्याबाहेर परवान्याने शिकार चाले, आणि पिकांच्या राखणीसाठी बंदुका बाळगता येत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेच संपुष्टात आले, आणि ते योग्यच झाले. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ज्या वाचकांच्या घरी मांस वर्ज्य आहे त्यांनी पुढील मजकूर क्षमा करून वाचावा. आम्हांस सांगावयाचे आहे ते एका माणसाच्या हातांविषयी. आणि त्या हातांची ओळख हत्यारावाचून होणार नाही.

आजोबांच्या शिकारीच्या खोलीत दोन सुऱ्या होत्या. एक शेफील्डची. बेळगावच्या छावणीतील कोणी इंग्रज अधिकारी स्वदेशी परतताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आजोबांनी ती घेतली होती. सात इंची पाते, तलवारीसारखे निमुळते टोक, चामड्याचे म्यान. पाहुण्यांना दाखविण्यासाठी तिच्याइतकी देखणी वस्तू घरात नव्हती. दुसरी ही, गावच्या लोहाराने मोटारीच्या कमानीच्या पाट्यातून घडविलेली. हिला म्यान नव्हते. केळीच्या सोपटात गुंडाळून ती कमरेला खोवली जाई.

दिसायला पहिली आणि कामाला दुसरी, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. मोठे जनावर सोलण्यास मोठे पाते लागते, असा सर्वांचाच समज असतो. वस्तुतः सांबराचा नर दोन-अडीचशे किलोंचा असला, तरी सुरी मात्र तळहातात मावेल अशीच हवी. कारण ती दिसत नाही अशा जागी चालवायची असते. टोक बाणासारखे असून चालत नाही, ते किंचित उतरते हवे, आणि पात्याला पुढच्या बाजूस पोट हवे. टोकदार सुरी कातडे भोसकते, आतडे फोडते. पात्याला पोट असले की धार सरकत जाते, रुतत नाही.

लोहाराचे खरे कौशल्य पाणी देण्यात. लाल झालेले पाते बुडवून काढले की ते काचेसारखे कडक होते. तसेच ठेवले तर हाडावर लागताच तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा निखाऱ्यावर हळूहळू तापवायचे. प्रथम वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोणत्या रंगावर थांबायचे हे लोहाराचा डोळा ठरवतो. पिवळ्यावर थांबले तर धार पुष्कळ टिकते पण पाते ठिसूळ राहते. निळ्यापर्यंत गेले तर पाते लवते पण धार मरते. आमची सुरी या दोहोंच्या मधली होती. अशा पोलादाला गंज लवकर चढतो. काम होताच धुऊन, कोरडी करून खोबरेल लावले नाही, तर सकाळपर्यंत तांबडे डाग पडत.

ही सुरी चालवणारा गृहस्थ आमच्या रानातला वाटाड्या होता. वयाने तो आमच्या वडिलांहून मोठा. पण आम्ही पोरे त्याला एकेरी नावाने हाक मारीत असू, आणि तो आम्हांस "धाकटं सावकार" म्हणे. जनावर पडले की आजोबा पानाचा डबा उघडून बसत, आणि याचे काम सुरू होई. वेळ दवडून चालत नसे. शरीराची ऊब आतच कोंडली तर पोट फुगते आणि मांस नासते. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या मध्यरेषेवर तो बोटभर चीर देई. मग त्या चिरेत डाव्या हाताची दोन बोटे घालून कातडे वर उचली, आणि दोन बोटांच्या बेचक्यात सुरी धार वर करून पुढे नेई. बोटे आतड्यांना खाली दाबून धरीत, आणि धार आतून बाहेर कापीत जाई. याने दोन गोष्टी साधत : कोथळा फुटत नसे, आणि केसांवरून सुरी न गेल्याने धारही मरत नसे. मूत्राशय तो चिमटीत धरून कापी. कातडे उतरविताना तर त्याची सुरी फारशी चालतच नसे. पायांच्या आतल्या बाजूने चिरा देऊन झाल्या की तो सुरी दातांत धरी, आणि कातडे व मांस यांच्यामध्ये मूठ घालून दाबत दाबत कातडे सुटे करी. जिथे अडे तिथे तेवढा एक हलका फटका, तोही धार मांसाकडे वळवून, म्हणजे कातड्याला भोक पडू नये. मग आतल्या बाजूस मीठ चोळायचे आणि सावलीत वाळवायचे.

रानडुकराला मात्र हा सोहळा नसे; त्याचे केस गवताच्या जाळावर भाजून खरवडीत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासातही डुकराचे केस काढण्याच्या रीती सांगितल्या आहेत, त्यांत ही एक आहे. राजाच्या पोथीत आली ती विद्या आमच्या वाटाड्याला पोथीवाचून येत होती.

१९६१ सालच्या डिसेंबरची गोष्ट. गोव्याच्या मुक्तीसाठी लष्कर बेळगावास जमत होते, आणि आम्हां चौदा वर्षांच्या पोरांच्या अंगात वीरश्री संचारली होती. एका तिन्हीसांजेस आजोबांनी खाचराच्या कडेला सांबर पाडले आणि ते माणसे बोलावण्यास गावात गेले. आम्ही आणि वाटाड्या, दोघेच उरलो. आम्ही हट्ट धरला की पहिली चीर आम्ही देणार, आणि तीही शेफील्डच्या सुरीने. तो एकदाच म्हणाला, "धाकटं सावकार, त्या सुरीचं टोक वाईट. ही घ्या." आम्ही ऐकले नाही. कंदिलाच्या उजेडात आम्ही सुरी रोवली, आणि ती कातड्यातून सरळ कोथळ्यात गेली. आत साचलेला हिरवा लगदा सर्व मांसावर पसरला. त्या वासाची आठवण आजही पुसत नाही.

तो काही बोलला नाही. ओढ्याचे पाणी आणून त्याने धुता येईल तेवढे धुतले, बिघडलेला भाग कापून टाकला. आजोबा आले, वास येताच कडाडले, "कुणी केलं हे?" आम्ही गप्प होतो. तो म्हणाला, "माझाच हात चुकला, सावकार."

रानातल्या रिवाजाप्रमाणे सोलणाऱ्याचा वाटा ठरलेला असे. त्या रात्री आजोबांनी त्याला वाटा दिला नाही. तो हात धुऊन, आपली सुरी पुसून, रिकाम्या हातांनी घरी गेला. त्याच्या घरी त्या रात्री चूल कशावर पेटली असेल, याचा विचार आम्ही केला नाही. आम्ही त्याच सांबराचे मांस जेवलो.

पुढल्या खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे तो सुरी घेऊन आला. सुरी आत गेली, पाटावर बसली, तिला हळदकुंकू आणि झेंडू वाहिला. ती चालवणारा अंगणात उभा होता. प्रसादाचे खोबरे त्याच्या ओंजळीत वरून टाकले गेले. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला होता. आमच्या ओसरीची पायरी तो चढला नव्हता. त्याच नवरात्रात देवळात कीर्तनकारबुवांनी धर्मव्याधाचे आख्यान लावले होते. विद्येचा अभिमान धरणारा कौशिक ब्राह्मण मिथिलेत मांस विकणाऱ्या व्याधाकडे धर्म शिकावयास जातो, ही महाभारताच्या वनपर्वातील कथा सर्वांस परिचित आहे. सभामंडपात आम्ही पुढे बसून माना डोलावीत होतो. तो पायरीखाली, दिवा पोहोचत नाही तिथे, उभा राहून ऐकत होता. मागे वळून पाहण्याचे आम्हांस सुचले नाही.

आजोबा १९६८ साली वारले. शिकार बंद झाली. १९७८ साली तोही गेला, आणि तेराव्यानंतर त्याचा मुलगा सुरी घेऊन आमच्या दारी आला. "तुमची वस्तू," एवढेच म्हणाला. लोहाराचे पैसे आजोबांनी दिले होते, तेव्हा हिशोबाने ती आमचीच. आम्ही ती ठेवून घेतली, आणि तेव्हापासून दरसाल तिची पूजा केली.

नातीला खोटे सांगितल्यानंतर मात्र ती सुरी पाटावरून उचलवेना. दिवाळी झाल्यावर आम्ही ती पिशवीत घालून त्याच्या वाडीवर गेलो. मुलगाही आता आमच्याच वयाचा, पाऊणशेच्या पुढचा. त्याने घोंगडे अंथरले, सुनेने चहा आणला. चहा घेता घेता आम्ही त्या रात्रीची हकीकत सांगितली. कोथळा कोणी फोडला, गप्प कोण राहिले, सर्व. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ठाऊक हाय. आबानं तवाच सांगितलं हुतं. म्हणाला, पोराचा हात हाय, शिकंल."

यावर आम्हांस काही बोलता आले नाही. त्याने सुरी उचलून अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली. अगदी त्याचा बाप पाहत असे तशीच. मान हलवून म्हणाला, "हळदकुंकवानं धार ऱ्हात न्हाई, सावकार." आणि उठून त्याने निसणा आणला, पाणी शिंपडले, आणि आमच्यासमोर बसून सुरी घासू लागला. धार आल्यावर त्याने ती पुसून आमच्यापुढे धरली. ती तुमच्याकडेच असू द्या, असे आम्ही म्हणालो. त्याने क्षणभर विचार केला, मग उठून ती आपल्या देव्हाऱ्यापाशी ठेवली.

यंदा खंडेनवमीला आमच्या पाटावर मधली जागा रिकामी होती. नातीने विचारलेच. तिला आम्ही सर्व सांगितले, काही गाळले नाही. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "त्यांचं नाव काय होतं?"

आम्ही नाव सांगितले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या नावापुढे काका हा शब्द लावला.