मेन बंद केल्याशिवाय

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. मगरिबची नमाज झाली होती. बोळिंजच्या आमच्या घरी एक जुना विद्यार्थी आला. दहावीनंतर तो वायरमनचं काम शिकला. आता दुकानांच्या लायटिंगची छोटी कामं स्वतः घेतो. सलाम करून त्याने चार पानी इंग्रजी कागद पुढे केला. "सर, एवढं वाचून द्या. या पट्टीत दोन तारा जास्तीच्या आहेत."

कपड्यांच्या दुकानात छताला लावलेली ॲल्युमिनियमची लांब पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात दिवा अडकवायचा, हवा तिथे सरकवायचा. तिला ट्रॅक म्हणतात. नेहमीच्या मोठ्या ट्रॅकमध्ये तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग असतं. या नव्या ट्रॅकमध्ये आणखी दोन तारा होत्या, दिव्यांना हुकूम देण्यासाठी. या पद्धतीचं नाव 'डाली'. एका जोडीवर 64 दिवे, प्रत्येकाला 0 ते 63 पैकी एक नंबर. '17 नंबर, निम्मा हो' असा हुकूम सुटला की तो सगळ्यांपर्यंत जातो, पण पाळतो फक्त 17 नंबर. अगदी वर्गातल्या हजेरीसारखं! वेग सेकंदाला 1200 बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगाय. पण हुकूम अवघा 16 बिटांचा, निम्म्यात पत्ता, निम्म्यात काम. तेवढ्याला तो वेग पुरतो.

एकाच मार्गावरून वीज आणि निरोप, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या विरार लोकलचा परतीचा प्रवाह रुळांतून जातो, आणि जिथे ट्रॅक सर्किट असतं तिथे सिग्नलचा बारीक प्रवाहही त्याच रुळांतून जातो.

हे समजावल्यावर तो म्हणाला, "म्हणजे या दोन तारांत साधारण 16 व्होल्टच. फोनच्या वायरसारखं. चालू असताना हात लावला तरी काही होत नाही. सकाळी मी तशाच सोलल्या."

मी तिसऱ्या पानावर होतो. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: व्होल्टेज कमी असलं तरी या तारा सुरक्षित समजू नका, त्यांना 230 व्होल्टच्या तारांसारखंच वागवा. कारण सरळ आहे. मेन लाइन आणि या तारा यांच्यामध्ये रोधक आवरणाचा एकच साधा पडदा असतो. दिव्याच्या आत तो फाटला तर त्याच बारीक तारेवर 230 व्होल्ट येऊ शकतात.

मी वाचून दाखवलं. तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. मलाही पुढे वाचवेना.

याला उर्दू मी शिकवली, मराठीही मी शिकवली. निबंध लिहून घेतले, व्याकरणाचे मार्क कापले. आणि ज्या ओळीवर त्याचा जीव अवलंबून होता, ती या दोन्हींपैकी एकाही भाषेत छापलेली नव्हती. दुकानदाराला दिवे मिळाले, दिव्यांना हुकूम मिळाला. शिडीवर चढणाऱ्या माणसापर्यंत निरोप पोचलाच नाही.

त्याचा एक हेल्पर फक्त उर्दू वाचतो, दुसरा फक्त मराठी. म्हणून मी दोन्ही लिपींत लिहायला बसलो. मराठीत 'विद्युतरोधक' लिहिलं, उर्दूत 'ग़ैर मूसिल'. तो हसला. "सर, साइटवर हे दोन्ही कुणाला कळणार नाही. सरळ लिहा – मेन बंद केल्याशिवाय या तारांना हात लावायचा नाही."

मी दोन्ही शब्द खोडले. कागदाच्या वरच्या अर्ध्यात त्याचं वाक्य मराठीत लिहिलं, खालच्या अर्ध्यात उर्दूत. खाली सही करणार होतो, मग वाटलं, वाक्य त्याचं आहे. पेन त्याच्याकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. कागद मेन स्विचच्या डब्यावर चिकटवलेला होता.