उतरावे कुठे, जेवावे कुठे

परगावच्या मित्रांचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो : रत्नागिरीत उतरावे कुठे आणि जेवावे कुठे? आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. चर्चासत्रांना येणाऱ्या पाहुण्यांची सोय पाहण्याचे काम वर्षानुवर्षे आमच्याच गळ्यात असल्यामुळे उत्तरही ठरून गेले आहे. समुद्र दिसतो म्हणून गावाबाहेरच्या हॉटेलात जाऊ नका. राम आळीच्या आसपास खोली घ्या. रेल्वे स्थानक गावापासून लांब आहे, तेव्हा रिक्षा एकदाच करावी आणि मग पायी हिंडावे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर पाहावे, बाजारातून रेंगाळत जावे, संध्याकाळी मांडवीच्या काळसर वाळूवर बसावे.

जेवणाबाबत आमची मते जरा कडवी आहेत. सुरमई मुंबईतही मिळते. येथे आलात तर बांगडा, सौंदाळे, तिसऱ्या मागाव्यात, सोबत तांदळाची भाकरी. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली तर मुकाट्याने कुळथाचे पिठले आणि भात सांगावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

हा सल्ला आम्ही कितीजणांना दिला असेल, कोण जाणे. तो आम्हांला निर्दोष वाटत असे.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडचे एक मित्र निबंधवाचनासाठी येणार होते. संतवाङ्मयाचे अभ्यासक, मराठीचे प्राध्यापक, धर्माने मुसलमान. गावातल्या एका लॉजवर आम्हीच आमच्या नावाने खोली सांगून ठेवली. रात्री उशिरा ते पोहोचले. सकाळी चर्चासत्राच्या दारात भेटले ते सुरकुतलेल्या सदऱ्यात, हातात बॅग तशीच.

“खोली आवडली नाही का?” आम्ही विचारले.

“खोली पाहिलीच नाही, सर. ओळखपत्र दाखवले आणि खोल्या भरल्या.”

रात्र त्यांनी एस. टी. स्थानकाच्या बाकावर काढली होती. फोन का केला नाही, तर आमची झोप मोडू नये म्हणून. त्यांनी निबंध नेहमीप्रमाणे उत्तम वाचला. आम्ही मात्र तो नीट ऐकला नाही.

दुपारी त्यांना पतितपावन मंदिर पाहायचे होते. भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून १९३१ साली उभे राहिलेले, सर्व हिंदूंना खुले असलेले ते मंदिर आम्ही प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने दाखवतो. १९२४ ते १९३७ सावरकर या गावात स्थानबद्ध होते. १९३३ मध्ये त्यांनी येथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. भेटीला येणाऱ्याने आधी तेथे चहा घेऊन यावे, असा त्यांचा दंडक होता म्हणतात. अस्पृश्य मानलेल्याच्या हातचा चहा घोटभर पिणे हे त्या काळच्या रत्नागिरीत साधे काम नव्हते. गावातल्या कित्येकांच्या घशाखाली तो उतरला नसेल. हे सारे आम्ही वर्गात सांगतो त्याच ओघात सांगत होतो, आणि ‘अखिल’नंतरच्या शब्दापाशी आलो तेव्हा थबकलो. मित्राने ते पाहिले. “सांगा ना,” ते म्हणाले, “मोठेच काम होते ते.” एवढे बोलून ते कळसाकडे पाहत राहिले.

रात्री ते आमच्यापैकी एकाच्या घरी जेवले. फणसाचे दिवस होते. घरात सांदणे केली होती. ती पाहून ते हसले. मिरकरवाड्यातल्या त्यांच्या एका नातेवाइकांकडे सांदणे होतात ती पांढरी, नारळाच्या रसातली. ‘सांदण म्हणजे फणसाचेच’ या समजात आमची इतकी वर्षे गेली होती, आणि मिरकरवाडा तर आम्ही पाहुण्यांना फक्त मासळीचा लिलाव दाखवायला नेत असू. नातेवाईक असूनही बाकावर का झोपलात, हे विचारायचे ओठांवर आले होते. रात्री बारा वाजता दार वाजवायला त्यांनाही संकोच वाटला असेल. आम्ही विचारले नाही.

राम आळीचा सल्ला आम्ही अजूनही देतो. फक्त खोली सांगताना आता पाहुण्याचे नाव-आडनाव पूर्ण सांगतो आणि पलीकडचा माणूस ते लिहून घेईपर्यंत फोन ठेवत नाही. दोनदा पलीकडे शांतता पसरली. त्या दोन लॉजची नावे आमच्या यादीत नाहीत.

मित्र पुढच्या मे महिन्यात पुन्हा आले, सहकुटुंब. या खेपेला उतरले मिरकरवाड्यात, आणि जेवायला त्यांनी आम्हांला तिकडे बोलावले.